आधी चौक आखा : पुण्याचे रस्ते कागदावर काढणाऱ्या अभियंत्यांना आणि सल्लागारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. नकाशावाचन सुरू करायच्या आधी आठवीच्या मुलांना दरवर्षी एक काम द्यायचे : घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढून आणा. पट्टी नको, प्रमाण नको, आठवेल तसा काढा. सुरुवातीच्या वर्षांत मुलं चिंचेचं झाड काढायची, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, मैत्रिणीचं घर, फाटकातलं कुत्रं. पुढे पुढे या वहीत एक फरक पडत गेला. झाडं आणि देवळं लहान होत गेली, चौक मोठे होत गेले. एका मुलीने तर सबंध पानभर एकच चौक काढला होता. घर आणि शाळा दोन कोपऱ्यांत, टिकलीएवढी. मी विचारलं, "अगं, बाकीचा रस्ता कुठाय?" ती म्हणाली, "बाई, बाकीचा रस्ता सोपाच आहे."

हे पत्र त्या वाक्यापायी लिहिते आहे. आयुक्तांना लिही, नगरसेवकांना लिही, असं घरच्यांनी सुचवलं होतं. पण ठराव झाला, पैसे मंजूर झाले, निविदा निघाली, तरी कर्बचा म्हणजे पदपथाच्या कडेचा दगड नेमका कुठे वळणार आणि पदपथ किती उंचीवर संपणार, हे तुमची रेघ ठरवते. म्हणून पत्र तुम्हाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की चालण्याची आणि सायकलीची वाट आखताना आधी चौक आखा, आणि मग दोन चौकांना जोडणारा रस्ता. आज हे उलटं चाललं आहे. आराखड्यात रस्त्याचा छेद काढलेला असतो : मध्ये दुभाजक, दोन्हीकडे मार्गिका, मग सायकल मार्ग, झाडांची ओळ, शेवटी पदपथ. छेद चांगलाच असतो, पण तो दोन चौकांच्या मधल्या भागाचा. चौक जवळ आला की सायकल मार्ग उतार घेऊन डांबरात विरून जातो आणि पदपथ एका विजेच्या पेटीपाशी थांबतो. झेब्रा पट्टे असतात, पण स्टॉपलाइनच्या पुढे आलेल्या गाड्यांच्या चाकांखाली. म्हणजे जिथे माणसाला काही लागत नव्हतं तिथे आपण त्याला सगळं दिलं, आणि जिथे त्याचा जीव टांगणीला लागतो तिथे त्याला सोडून दिलं. सायकल मार्ग वापरला जात नाही अशी तक्रार मी तुमच्या क्षेत्रातल्या लोकांकडून ऐकली आहे. दर चारशे मीटरवर रेल्वेचे रूळ संपत असते, तर त्यावरून गाडी किती जणांनी नेली असती?

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसबा पेठेतून पहाटे निघायचे आणि शिवाजीनगर, वाकडेवाडी करत कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत पोचायचे. पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. सायकलला पालिकेचा बिल्ला लावावा लागे, दिवा नसला तर पोलीस अडवत, डबलसीट दिसली तर दंड होई. मला या जुन्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, कारण सायकल हे तेव्हा खरंखुरं वाहन होतं. तिच्याकडून कर घेत, तिला नियम लावत. वडिलांना वेगळा सायकल मार्ग कधीच लागला नाही, कारण त्यांच्या आजूबाजूला वेगच नव्हता. म्हणूनच "पुणं सायकलींचं शहर होतं" ही आठवण काढून आता भागत नाही. ती सुरक्षितता कुणी आखलेली नव्हती, ती आपसूक होती. वेग आला आणि ती गेली. आता ती आखावीच लागेल.

वेगाचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवत असे. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर. ताशी ५० म्हणजे जवळजवळ १४ मीटर. समोर मूल आलं हे दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातो. ३० ने येणारी गाडी त्या सेकंदासकट कोरड्या रस्त्यावर १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० ने येणाऱ्या गाडीने तेवढंच अंतर ब्रेक लागायच्या आत, पूर्ण वेगात कापलेलं असतं. म्हणजे एक गाडी मुलाच्या पुढ्यात उभी राहते आणि दुसरी त्याच जागी ५० च्या वेगाने आदळते. आणि त्या धडकेतली ऊर्जा ३० च्या धडकेच्या पावणेतीनपट असते. आठवीच्या मुलांना हे कळायचं. वेगमर्यादेचा फलक हा हिशेब बदलू शकत नाही. तो बदलतो रस्त्याच्या रुंदीने आणि वळणाच्या गोलाईने, आणि त्या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

गोलाईबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. आपल्या चौकांचे कोपरे मोठ्या त्रिज्येचे असतात, डावीकडे वळणाऱ्याला ब्रेक लावावा लागू नये म्हणून. त्यातून फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नल लाल असला तरी डावीकडे वळायची मुभा. कोपऱ्यावर उभ्या माणसाला समोरचा सिग्नल हिरवा मिळतो, पण डावीकडे वळणारा प्रवाह थांबतच नाही. तो पार करायची वेळ त्याला कुणीच दिलेली नसते. गोल कोपऱ्यामुळे ओलांडायचं अंतरही वाढतं, म्हणजे जास्त वेळ उघड्यावर आणि जास्त वेगाच्या गाड्यांसमोर. सायकलवाल्याचं याहून वाईट. तो रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ जात असतो, आणि शेजारची बस किंवा डंपर डावीकडे वळतो. मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाला चालकाला न दिसणारा पट्टा असतो आणि सायकल नेमकी त्या पट्ट्यात असते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा पाय असाच गेला. सायकल ते चाळीस वर्षं चालवत होते. त्यांची चूक नव्हती आणि चालकानेही मुद्दाम केलं नव्हतं. दोघांनाही एकाच जागेत आणून सोडणारी ती रेघ होती.

कोपरा आवळून घ्या. त्रिज्या लहान केली की गाडीला वेग कमी केल्याशिवाय वळताच येत नाही. पदपथ कोपऱ्यावर पुढे काढा, म्हणजे ओलांडायचं अंतर घटेल आणि लहान मूलसुद्धा उभ्या गाड्यांच्या आडून नव्हे, उघड्यावर दिसेल. सायकल मार्ग चौकात विरघळू देऊ नका. तो तसाच पुढे न्या, कोपऱ्यावर एक छोटं उंच बेट ठेवा आणि सायकलची ओलांडणी त्या बेटाच्या आतून घ्या. मग वळणारी गाडी आधी बेटाला वळसा घालते आणि सायकलपाशी येईपर्यंत जवळजवळ काटकोनात उभी असते. चालकाला सायकल आरशात शोधावी लागत नाही, ती त्याच्या काचेसमोर येते. नेदरलँड्समध्ये चौक असेच आखतात. तिकडचे लोक जन्मतःच शिस्तीचे, असं आपण सहज म्हणून टाकतो. त्याच देशात १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबापांनी मुलांचे मृत्यू थांबवा म्हणत रस्ते अडवले. शिस्त नंतर आली, आधी आईबाप रस्त्यावर आले आणि मग अभियंत्यांनी नकाशे बदलले.

सिग्नलचंही तसंच. चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. २४ मीटर रुंदीचा रस्ता या हिशेबाने २० सेकंदांत पार होतो. माझ्या सासूबाई शेवटच्या काही वर्षांत काठी घेऊन चालत आणि मी त्यांच्या चालीने चालायला शिकले. ती चाल ०.८ च्या वर नव्हती. म्हणजे त्यांना ३० सेकंद हवेत. विसाव्या सेकंदाला त्यांचा आठ मीटर रस्ता अजून बाकी असे, आणि समोरच्या शंभर दुचाकी एकदम निघत. त्यांनी पुढे पलीकडच्या भाजीवालीकडे जाणं सोडलं. त्याची नोंद कुठल्याही अपघाताच्या आकडेवारीत नाही आणि होणारही नाही, कारण अपघात झालाच नाही. घाबरून घरी बसलेली माणसं मोजायची कशी, हे मलाही ठाऊक नाही. पण दुभाजकात दोन माणसं आणि एक चाकांची खुर्ची थांबेल इतकी जागा काढली, तर सासूबाईंची वाट दोन सोप्या तुकड्यांत मोडली असती.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्या वाहनगणनेबद्दलही लिहिते. रस्त्यावरची वर्दळ तुम्ही पीसीयूमध्ये मोजता, म्हणजे एका मोटारीला एक गुण. सायकलला अर्धा किंवा त्याहून कमी. चालणाऱ्याला या हिशेबात रकानाच नाही. पादचाऱ्यांची वेगळी गणना करता येते, पण चौकाची क्षमता ठरते ती पीसीयूवर. मग शाळा सुटल्यावर चौकात आलेली दोनशे मुलं ही त्या गणितात काहीच नसतात, आणि एकटा माणूस बसलेली मोटार मात्र पूर्ण एक असते. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच लिहून ठेवलं आहे की वाहनांची नव्हे, माणसांची ने-आण हा हेतू असावा. धोरण बदललं, पण गणनेचा तक्ता जुनाच राहिला.

कागदांची आपल्याकडे कमतरता नाही, हे मी जाणून आहे. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली तेव्हा तिच्यासोबत सायकल मार्गही आले. २०१६ मध्ये पुण्याचं पादचारी धोरण झालं, रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वं झाली. २०१७ च्या डिसेंबरात ८०० हून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर झाला. हे सगळं मनापासून काम करणाऱ्या माणसांनी केलेलं आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. जंगली महाराज रस्त्याचा नवा पदपथ झाला तेव्हा मी मुद्दाम संध्याकाळी बसायला गेले होते. म्हातारी जोडपी बाकांवर, मुलं खेळण्यांवर, कॉलेजची पोरं गप्पा मारत. जागा दिली की पुणेकर ती कशी वापरतात हे बघायचं असेल तर अजूनही तिथे जावं. पण त्या पदपथावरून बालगंधर्व रंगमंदिराच्या पुढे चालत चालत पेठांत यायचं ठरवलं की वाट पुन्हा तुटते. किलोमीटर मोजले तर तो पदपथ हिशेबात जमा होतो. मला मात्र कुठून कुठपर्यंत न तुटता जाता आलं, हे मोजायचं आहे.

पदपथाविषयी चार गोष्टी, भराभर. भारतीय रस्ते काँग्रेसचा संकेत तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता : चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. १.८ कशासाठी, तर दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाव्यात म्हणून. झाड, खांब, फीडर पिलर म्हणजे विजेची पेटी, बसथांबा हे सगळं वजा करून उरलेली ती रुंदी. आपल्याकडे पदपथ प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. दहा फाटकं म्हणजे वीस पायऱ्या, आणि म्हणून गुडघे दुखणारी माणसं निमूटपणे डांबरावरून चालतात. पदपथ एकाच पातळीवर राहू द्या. फाटकातून येणाऱ्या मोटारीला चढ चढून येऊ द्या, तिला इंजीन आहे. दिव्यांचे खांब रस्त्याच्या मापाचे असतात, त्यांचा उजेड झाडांच्या वरच अडतो आणि खाली पदपथावर काळोख. माझ्या विद्यार्थिनी क्लासहून परतताना पदपथ सोडून रस्त्याच्या कडेने चालत, कारण तिथे उजेड होता. खाली, माणसाच्या उंचीला साजेसे दिवे लावले तर त्यांना ही निवड करावी लागणार नाही. आणि जाळ्या : पावसाच्या पाण्याच्या जाळीच्या पट्ट्या सायकलच्या चाकाला समांतर बसवू नका. चाक त्यात शिरतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. आडव्या बसवायला एक पैसाही जास्त लागत नाही.

खोदाईबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. नवाकोरा पदपथ दोन पावसाळे टिकत नाही, त्यामागे ठोकळ्यांचा दर्जा जेवढा आहे त्याहून जास्त केबल आहेत. आज ही केबल, उद्या ती जलवाहिनी, परवा गॅस. दर वेळी ठोकळे उपसले जातात, राडारोडा तसाच पडतो आणि पुन्हा बसवलेले ठोकळे लाटांसारखे वरखाली होतात. बंगळूरच्या टेंडरशुअर रस्त्यांवर आधी जमिनीखालची वाहिन्यांची जागा ठरवली, नळ्या टाकल्या, तपासायला झाकणं ठेवली आणि मग वर पदपथ बांधला. महाग पडलं, त्यावर टीकाही झाली. पण क्रम बरोबर होता : आधी पोटातलं, मग पाठीवरचं.

आणि सगळीकडे सायकल मार्ग नकोतच. हे ऐकून तुमच्यापैकी काहींना बरं वाटेल. सदाशिव, नारायण, कसबा पेठांतल्या गल्ल्यांत वेगळा मार्ग काढायला जागा नाही, आणि तो लागतही नाही. तिथे वेग २० च्या वर जाऊ दिला नाही, आरपार जाणाऱ्या गाड्यांना मोठ्या रस्त्यांकडे वळवलं, गल्लीच्या तोंडाशी रस्ता पदपथाच्या उंचीला उचलून घेतला, की काम झालं. वेगळा मार्ग हवा तो सातारा रस्ता, कर्वे रस्ता, नगर रस्ता अशा मोठ्या वाटांवर, जिथे बसच्या शेजारून सायकल न्यायची म्हणजे नशिबाची परीक्षा असते.

जागा कुठून आणायची, असा प्रश्न येणार. जागा आहे, ती उभ्या गाड्यांनी व्यापलेली आहे. रस्त्याची एक अख्खी मार्गिका दिवसभर हलत नाही. दुकानदारांची भीतीही मी समजू शकते, माझ्या माहेरच्या माणसांचं दुकान आहे. पण २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो आणि लक्ष्मी रस्त्याचा भाग गाड्यांना बंद ठेवतात. त्या दिवशी मी तिथे जाऊन आले आहे. रस्ता ओस पडत नाही. बायका दुकानांसमोर थांबतात, आत जातात, बाहेर येतात, पलीकडच्या दुकानात जातात. एरवी तेवढ्यासाठी रस्ता ओलांडायची हिंमत होत नाही. चेन्नईने पाँडी बाजारात गाड्या पूर्ण बंद केल्या नाहीत, पण २०१९ मध्ये रुंद पदपथ करून चालणाऱ्यांना कायमची जागा दिली. आणि पथारीवाल्यांना हटवणं म्हणजे पदपथ मोकळा करणं, असं कृपा करून समजू नका. २०१४ चा कायदा त्यांना जागा द्यायला सांगतो, आणि संध्याकाळी ज्या पदपथावर गजरेवाली आणि कणसंवाला असतो त्या पदपथावरून मुली निर्धास्त जातात. त्यांची जागा आराखड्यातच काढा, मोकळ्या १.८ मीटरच्या बाहेर.

कायद्याचा धाक दाखवणं माझ्या स्वभावात नाही, पण गोष्ट माहीत असावी म्हणून लिहिते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की अडथळ्यांविना पदपथ वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याच्या आखणीचे, बांधणीचे किंवा देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्याने कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाच्या रकमेपेक्षा मला त्यामागचा विचार मोठा वाटतो : अपघाताचा पंचनामा चालकापाशी थांबू नये, तो रेघेपर्यंत यावा.

आता मागणं. पुढच्या कामात एक शाळा निवडा, कुठलीही. तिच्या फाटकापासून चारी दिशांना एक-एक किलोमीटर. या वाटांवर जेवढे चौक लागतील तेवढे आधी काढा. एखाद्या चौकात नव्या आकाराबद्दल खात्री नसेल तर खडू, शंकू आणि वाळूची पोती लावून पंधरा दिवस बघा, बस वळते का, रिक्षा वळते का, मुलं कुठून पार होतात. चुकलं तर पोती सरकवता येतात, सिमेंट सरकवता येत नाही. जमलं की पक्कं करा. मगच मधले रस्ते हातात घ्या, ते खरंच सोपे आहेत. आणि काम पूर्ण झालं असं लिहिण्याआधी आठवीतली एक मुलगी सोबत कुणी मोठं माणूस नसताना घरून शाळेत सायकलने येऊ शकते का, हे तिच्या आईला विचारा. आईने हो म्हटलं तरच दाखल्यावर सही करा.

निवृत्त होताना मी त्या नकाशांच्या वह्या टाकल्या नाहीत. एकतीसपैकी बावीस वर्षांच्या आहेत, काही पानं वाळवीने खाल्ली, बहुतेक शाबूत आहेत. मुलांची नावं मी झाकून ठेवली आहेत, चौकांची नावं उघडी आहेत. कुठला चौक किती पानांवर मोठा काढलेला आहे, हे मोजायला तुमच्यापैकी कुणी आलं तर मी चहा करीन आणि टेबल मोकळं करून ठेवीन. सकाळी साडेदहानंतर कधीही या.

आपली,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका
पुणे